कापायला ठेवलेली ओळ

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांची रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग ऑफिसर होते. नोकरीतली निम्मी वर्षं पुरुषांवर ओरडण्यात गेली. ओरडले नसते तर त्यांनी मला टायपिस्ट समजून पत्रं टाइप करायला बसवलं असतं. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या सुरुवातीला माझा आवाज असा काही बसला होता, की घरी नवरा रोज विचारायचा, "पद्मजा, बरं नाहीये का तुला?" बरं नव्हतंच. मला भीती वाटत होती. पोटात गोळा घेऊन उठायचं, तोच गोळा घेऊन कामावर जायचं आणि संध्याकाळी तसाच घरी आणायचा.

गोष्ट बजेटची आहे. बजेट म्हटलं की लोक जांभया देतात. मीही दिल्या असत्या, पण नंतर नंतर मला जांभई काय, धड घाससुद्धा गिळता येईना.

आमच्याकडे डिसेंबर उजाडला की प्रत्येक खात्यानं पुढच्या वर्षीची यादी माझ्याकडे द्यायची. काय दुरुस्त करायचं, काय नवीन घ्यायचं, प्लांट किती दिवस बंद ठेवायचा. ते सगळं मी एका तक्त्यात बसवायची. आमचे वर्क्स मॅनेजर विष्णुपंत त्यावर सही करायचे, आणि फेब्रुवारीत आम्ही दोघं फोर्टातल्या हेड ऑफिसला जाऊन श्यामकांत नावाच्या फायनान्सच्या साहेबासमोर बसायचो. या श्यामकांतकडे एक लाल पेन होतं. यादीतलं काहीतरी कापल्याशिवाय त्याला जेवण पचायचं नाही. मालकाला दाखवायला त्यालाही काही कापलेलं लागायचं म्हणे. बिचाऱ्याचा नाइलाज. बिचारा कसला, डोंबल!

पहिल्याच वर्षी पंतांनी मला बाजूला घेऊन शिकवलं होतं, "अगं, त्याला कापायला काहीतरी द्यावं. मोठं द्यावं, आणि असं द्यावं की कापलं तरी आपलं काही बिघडणार नाही. त्याचं पेन तिथे खपलं की आपली खरी कामं सुखरूप." प्लांटमध्ये या ओळीला सगळे 'बकरा' म्हणायचे. प्रत्येक खात्याचा एक बकरा ठरलेला असायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही वाटलं. उलट मला वाटलं, चला, आपल्याला आतली गोष्ट कळली.

ब्याऐंशी साली मी आणि पंतांनी आमचा बकरा निवडला. सल्फ्युरिक अॅसिडची मोठी लोखंडी टाकी. चाळीस टनांची. तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती, एकदम ठणठणीत. तिला बदलायची काडीचीही गरज नव्हती, आणि म्हणूनच ती निवडली. प्रत्येक खात्याची यादी वेगळी असायची, आमच्या यादीत तिचा नंबर अकरावा. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'टाकीचा पत्रा तळाशी झिजला असून ती केव्हाही फुटू शकते. अत्यंत तातडीचे. संभाव्य जीवितहानी : पाच.' पाच का? तर माझ्या खिडकीतून टाकी दिसायची, आणि तिच्याजवळच्या नळावर पाच बायका रिकामे ड्रम धूत बसलेल्या असायच्या. मान वर केली, मोजल्या, आकडा टाकला. पंतांनी वाचलं आणि म्हणाले, "वा! वाचूनच घाम फुटतोय." श्यामकांतनं आमच्या यादीतला अकरा नंबर कापला, बाकीचे दहा पास केले. आम्ही येताना चर्चगेटला कॉफी प्यायलो. पुढं दरवर्षी मी तारीख बदलून तीच ओळ उतरवत गेले.

आता दुसरी गोष्ट, आणि ही एकट्या माझ्या डोक्यातून निघालेली. दर मेमध्ये प्लांट बंद करून टाक्या, नळ, पंप उघडून तपासायचे, पत्रा किती झिजला ते मोजायचं. याला पंधरा दिवस लागायचे, आणि एकेक दिवसावरून हेड ऑफिस आमचा जीव खायचं. मी नियम काढला : जी वस्तू बदलायची म्हणून यादीत आहे, ती तपासायची नाही. जी साडी बोहारणीला द्यायची ठरली तिला कोण फॉल लावत बसतं? तक्त्यात अशा वस्तूंभोवती मी लाल गोल काढायची, की त्या वगळल्या. पंधराचे अकरा दिवस झाले. मला कौतुकाचं पत्र मिळालं. नवऱ्यानं ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

तुमच्या लक्षात आलं ना काय झालं असेल ते? माझ्या नाही आलं. सहा वर्षं नाही आलं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत भीमराव माझ्या केबिनमध्ये आला. भीमराव मेंटेनन्सचा फोरमन, साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं आत येऊन दार लावून घेतलं. पुरुषानं माझ्या केबिनचं दार लावणं ही गोष्टच मला खपायची नाही, मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, आपला अकरा नंबर खरा झालाय."

"म्हणजे काय?"

"टाकी हातोडीनं ठोकून बघितली. वर ठण्ण वाजतीय. खाली, कठड्याजवळ, नुसता फट् फट् आवाज येतोय. माझ्या काळजाचं पाणी झालं. परत ठोकायचं धाडस नाय झालं."

मी म्हटलं, "मागच्या शटडाऊनचा रिपोर्ट बघ ना. पत्रा किती होता?"

तो हळूच म्हणाला, "रिपोर्ट कुठला मॅडम? तुमचा लाल गोल हाय न्हवं तिच्याभोवती."

मी कपाटातून सहा वर्षांचे तक्ते काढले. सहाच्या सहा तक्त्यांत लाल गोल. फेब्रुवारीत ओळ कापली गेली तरी गोल मी कधी पुसला नव्हता. माझ्याच हातचे, छान गोलाकार.

जाडी मोजायचं यंत्र कंपनीत होतं, पण ते घ्यायचं तर नोंद करावी लागली असती, आणि नोंद म्हणजे पंतांची सही. मग मी आणि भीमराव उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे टेकचंद नावाच्या सिंधी माणसाचं वर्कशॉप होतं. त्यानं भाड्यानं यंत्र दिलं आणि वर विचारलं, "वडी साईं, कंपनी के नाम से बिल नहीं चाहिए? क्या लफडा है?" मी त्याला झापलं. म्हटलं, भाडं घ्या आणि गप्प बसा. तो हसला. मला मात्र आपण चोरी करायला निघालोय असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमरावनं यंत्र कठड्याजवळ लावलं. मी पाच पावलं लांब उभी. जवळ जायचं धाडस होईना, आणि लांब राहायची लाज वाटत होती. मूळ पत्रा दहा मिलीमीटरचा. भीमरावनं आकडा वाचला आणि मला दोन बोटं दाखवली, मग तिसरं बोट अर्धं वाकवून. अडीच.

"आन् मॅडम, इथं सारखं पाणी वाहतंय," तो टाकीपासून मागे येऊन कुजबुजला. "अॅसिड पाण्यावर पडलं तर काय हुतंय ते तुमाला सांगाय नको."

सांगायला नकोच होतं. उकळतं ते, उसळतं, चहूकडे उडतं. आणि ज्या पाण्याबद्दल तो बोलत होता ते ड्रम धुण्याचं पाणी होतं. पाच बायका तिथेच होत्या. त्यांची पुढारीण सगुणाबाई. चिखलोलीची, घरची भातशेती, इथं कंत्राटदाराकडे रोजंदारीवर. टाकीभोवतीच्या बुटक्या कठड्यावर बसून ती भाकरी खात होती. दुपारी टाकीची सावली बरोबर तिथेच पडायची, म्हणून पाचही जणी जेवायला आणि घटकाभर टेकायला तिथेच असायच्या. तिनं मला बघून हाक मारली, "मॅडम, या जेवाला! वालाची भाजी हाय." मी कशीबशी मान हलवली आणि तिथून पळाले.

बजेटची यादी मी नव्यानं लिहायला घेतली. या वेळी खरं लिहायचं होतं. लिहिलं, 'टाकीचा पत्रा तळाशी झिजला असून ती केव्हाही फुटू शकते.' वाचून बघितलं. तेच वाक्य! खोडलं. 'अत्यंत तातडीचे' लिहिलं. तेही जुनंच. कपाळ माझं! जे जे भयंकर शब्द होते ते सगळे मी सहा वर्षांपूर्वीच वापरून संपवले होते. खऱ्या भीतीसाठी माझ्याकडे एकही कोरा शब्द उरला नव्हता.

फेब्रुवारीत आम्ही हेड ऑफिसला गेलो. श्यामकांतनं यादी चाळली, अकराव्या ओळीवर थांबला आणि हसला. "आली का टाकी! मला वाटलं यंदा विसरलात."

"साहेब, यंदा खरंच बदलायला हवी," मी म्हटलं.

"यंदा खरंच? आणि गेल्या वर्षी काय होतं?"

माझ्या शेजारी पंत बसले होते. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते, आणि दोन वर्षं मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांचा अर्ज त्याच टेबलावर, श्यामकांतच्या कोपराशी पडलेला होता. पंतांनी घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, गेली सहा वर्षं आम्ही खोटं लिहिलं. सात-आठ शब्दांचं काम. पण माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती, घरात पगार माझा एकटीचा, मुलगी दहावीला. खोटं लिहिलं हे कबूल केलं की त्याच दिवशी घरी. जी बाई रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून भांडते, ती तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

श्यामकांतनं अकरा नंबरवर लाल रेघ ओढली आणि पंतांना म्हणाला, "तुमच्या यादीतलं बाकी सगळं ठीक आहे. छान प्लॅनिंग आहे तुमच्याकडे."

बाहेर फुटपाथवर मी पंतांना सगळं सांगितलं. हातोडी, यंत्र, अडीच मिलीमीटर. त्यांचा चेहरा पांढरा झाला, पण क्षणभरच. "रीतसर रिपोर्ट कुठाय?" त्यांनी विचारलं. "भाड्याच्या यंत्राचं कोण ऐकणार? मेमध्ये उघडू. तीनच तर महिने आहेत."

"पंत, टाकी आत्ता रिकामी करायला हवी."

"आणि का रिकामी केली म्हणून विचारलं तर? मार्चचं टार्गेट तोंडावर आहे, मुली. मे म्हटलं ना मी." मला मुली म्हणायचे ते. पूर्वी बरं वाटायचं.

तेव्हापासून मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागले, आणि दर पाच मिनिटांनी वळून बघायला लागले. कॅन्टीनमध्ये कुणाच्या हातून ताट सुटलं, तर मी टेबलावरून उठून दारापर्यंत पोचलेली असायची. लोक हसायचे. बायकांना सांगावं असं रोज वाटे. पण भोपाळला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. जरा कुठे वास आला तरी आसपासच्या वस्तीतली माणसं पोरं काखेला मारून स्टेशनकडे धावायची. मी तोंड उघडलं असतं तर तासाभरात गेटवर गर्दी झाली असती, आणि पहिला प्रश्न आला असता, बाई, तुम्हाला कसं माहीत? या प्रश्नाला मी घाबरत होते. टाकीला जास्त घाबरत होते की या प्रश्नाला, हे खरंच मला सांगता येणार नाही, आणि याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग मी कंत्राटदाराला सांगून ड्रम धुण्याचं काम मागच्या कुंपणाशी हलवलं. तिथे नळ टाकून दिला. दुपारी बघते तर पाचही जणी भाकरीची फडकी घेऊन परत टाकीपाशी!

"सगुणाबाई! तुम्हाला तिकडे बसायला सांगितलं होतं ना?" मी किंचाळलेच.

"काम करतो ना तिकरं. पन तिकरं उन्हात कसा बसाचा मॅडम? झाड नाय, झुडूप नाय. जेवून जातो लगेच."

"इथे बसायचं नाही म्हणजे नाही! उठा!"

त्या उठल्या. जाताना एक दुसरीला म्हणाली, "सावली पन यांच्या बापाची." मला ऐकू आलं. म्हणू दे, म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते, तर त्या परत तिथे. एकीला तर तिथेच डोळा लागला होता, डोकं टाकीला टेकवून. मी ते बघितलं आणि मला ओकारी आली. खरोखरची. बेसिनवर वाकून उभी राहिले, आणि तेव्हा एकदम सुचलं की अगं, टँकर मागवायचं काम कुणाचं आहे? तुझंच ना?

अॅसिड किती लागणार, कधी लागणार याचा हिशेब करून पुरवठादाराला मागणीपत्र पाठवायचं काम माझं. दर चार दिवसांनी दोन टँकर. मी मागणीपत्र पाठवलं नाही. बस्स. प्लांट रोज चार टन अॅसिड पितो, टाकीत तेव्हा अडतीस टन होतं. नऊ-साडेनऊ दिवसांत टाकी आपोआप रिकामी. मग प्लांट बंद पडणार, बोंबाबोंब होणार, आणि मी म्हणणार, विसरले. गाढव बाई आहे, विसरली. मेमो देतील, पगारवाढ थांबवतील, पण घरी नाही पाठवणार. वेंधळेपणाला माफी असते हो, खोटेपणाला नसते. भीमरावला सांगितलं तेव्हा तो नुसता हूं म्हणाला. त्या दिवसापासून तो माझ्या खिडकीखालून जाताना बोटं दाखवायचा, आता किती टन उरलंय ते.

चौतीस. तीस. सव्वीस. मी आयुष्यात देवाला कधी नवस बोलले नव्हते. त्या आठवड्यात शिवमंदिरात जाऊन बोलले, आणि काय बोलले हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. बावीस. अठरा. पातळी उतरली की तळावरचा दाब उतरतो, हे मला कळत होतं. तरी चौदाचा आकडा आला तेव्हा रडू फुटलं. आणखी चारच दिवस. जरा जीव भांड्यात पडायला लागला होता.

सातव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला खिडकीतून हॉर्न ऐकू आला. बघते तर गेटमधून दोन टँकर आत येतायत.

पंतांनी सकाळी साठ्याचं रजिस्टर बघितलं होतं आणि स्वतः फोन फिरवून टँकर मागवले होते. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे. पहिला टँकर वळून टाकीपाशी लागला. अॅसिड उतरवणारा ऑपरेटर हिंदुराव रबरी बूट घालून जाडजूड होसपाइप ओढत होता. आणि कठड्यावर सावलीत सगुणाबाई आणि तिच्या चौघी, भाकऱ्या सोडून बसलेल्या. टँकर आला म्हणून त्यांनी पाय तेवढे जवळ घेतले होते.

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. एक चप्पल जिन्यातच राहिली. "हिंदुराव! भरू नका! होस जोडू नका!"

"पंतसाहेबांची ऑर्डर हाय मॅडम. प्लांट बंद पडंल म्हणाले."

"भरू नका सांगते ना!" मी त्याच्या हातातला होस धरला. मला अॅसिडची भीती वाटायला हवी होती, पण त्या क्षणी मी नुसती बायकांकडे बघत होते. "उठा तुम्ही! उठा आधी!" त्या उठेनात. रोजचंच ओरडणं ते, त्यांना काय! सगुणाबाईनं घास मोडला आणि तोंडात घातला.

पंत धावत आले. धाप लागली होती. "पद्मजाबाई, काय तमाशा आहे हा? सोडा ते. हिंदुराव, भरा."

भीमराव माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. हिंदुराव एकदा माझ्याकडे, एकदा पंतांकडे बघत होता. पंत पुन्हा म्हणाले, "भरा." आणि मग ते माझ्या तोंडून निघालं. ओरडून नाही. आवाजच नव्हता तेवढा.

"ही टाकी फुटणार आहे. खाली अडीच मिलीमीटर पत्रा उरलाय. सहा वर्षं आम्ही खोटंच लिहिलं की ही फुटणार आहे, म्हणून कुणी तपासली नाही. तपासायची नाही हा नियमही माझाच. मला जानेवारीपासून माहीत आहे. पंतांनाही माहीत आहे."

हिंदुरावनं होस खाली ठेवला आणि हातमोजे काढले. "म्या न्हाई भरत," तो म्हणाला, आणि टँकरवाल्याला हातानं मागे घ्यायची खूण केली.

बायका आता उठल्या होत्या. चौघी भराभर मागे सरकल्या. सगुणाबाई मात्र होती तिथेच उभी राहिली, हातात भाकरीचा तुकडा तसाच. "सा वर्सं?" ती म्हणाली. "काय लिवलं व्हतं मॅडम?"

"की टाकी फुटू शकते. आणि..." मला थांबता आलं असतं. "आणि पाच माणसं मरू शकतात."

तिनं मागे वळून चौघींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाच म्हंजे आमीच ना?"

मी मान हलवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडणं मला समजतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती टाकीची नव्हती. ती माझ्याकडे बघून एक पाऊल मागे गेली.

भीमरावनं तिला हाताला धरून कठड्यापासून लांब आणलं. उरलेलं चौदा टन प्लांटमध्ये घेऊन टाकी रिकामी करायची, तोवर तिथे कुणी फिरकायचं नाही, नळ बंद, असं तोच भराभर सांगायला लागला. पंतांनी अडवलं नाही. ते एका उपड्या ड्रमवर बसले होते, चष्मा काढून. मला वाटलं आता ते माझ्या नोकरीबद्दल बोलतील. मी तयार होते. खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. बायका जिवंत होत्या, खरं बोलून झालं होतं, पोटातला गोळा कित्येक दिवसांनी विरघळत होता.

पंत अगदी हळू बोलले. "आणि बाकीच्यांचं काय, पद्मजा?"

"बाकीचे कोण?"

"बाकीची खाती. बॉयलरवाल्यांनी काय बकरा दिला होता? क्लोरीनवाल्यांनी? सॉल्व्हंटच्या शेडवाल्यांनी?"

मला आधी कळलंच नाही. मग तक्ता डोळ्यांसमोर आला. बॉयलरच्या नळ्या, तीन वर्षं. क्लोरीनची मुख्य लाइन, चार वर्षं. सॉल्व्हंटची टाकी. चिमणीच्या तारा. प्रत्येकानं आपली सगळ्यात ठणठणीत, सगळ्यात मोठी, कधीच न बिघडणारी वस्तू कापायला दिली होती. आणि एकेकीभोवती मी लाल गोल काढला होता. सतरा होते. सतरा वस्तू वर्षानुवर्षं कुणी उघडून बघितल्या नव्हत्या, आणि त्यातली कुठली अजून ठणठणीत आहे आणि कुठली अडीच मिलीमीटरवर आलीय हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. विरघळलेला गोळा परत आला.

"मॅडम." सगुणाबाई लांबूनच बोलत होती. चौघी तिच्यामागे, हातात भाकरीची फडकी, डोक्यावर रणरणतं ऊन. "आमी बसाचं कुठं मग?"

मी बॉयलर हाऊसच्या भिंतीकडे बघितलं. तिथे चांगली रुंद सावली होती. क्लोरीनच्या शेडखाली होती. सॉल्व्हंटच्या टाकीमागे तर बसायला ओटाही होता. मी हात वर केला, आणि तो तसाच राहिला. त्या पाचही जणी माझ्या बोटाकडे बघत उभ्या होत्या, मी दाखवीन तिकडे जायला.